बगलेतला चौकोन

आमच्या दुकानात कात्री चालवायची ती फक्त आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात आमचं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, आणि छावणीतल्या जवानांचे, सुभेदारांचे युनिफॉर्म शिवण्यात आबांची हयात गेली. माप ते घेणार, कापडावर खडूनं रेघा ते मारणार, कापणार तेच, आणि मग कापलेले तुकडे माझ्याकडे सरकवणार. ते जोडणं, काज, बटणं, इस्त्री हे माझं. सोळाव्या वर्षापासून मी मशीनवर बसते आहे, मधली लग्नाची चार वर्षं सोडली तर. ती सोडलेलीच बरी. आज माझं वय बेचाळीस, आणि गेल्या वर्षापर्यंत मी एक रुमालसुद्धा स्वतः कापलेला नव्हता. मागितली नाही कात्री असं नाही. दर दोन-चार वर्षांनी मागायचे. आबा म्हणायचे, बघू. त्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे आमच्या गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे.

आता एवढी शिवणारी बाई कॉमिक्सच्या नादी कशी लागली, असं लोक मला विचारतात. उत्तर सोपं आहे. छावणीत कुणाची बदली झाली की त्यांची क्वार्टर रिकामी व्हायची, आणि ट्रंकेत न मावलेली चित्रांची पुस्तकं आमच्या दुकानात येऊन पडायची. आबांना ती रद्दी, मला ती दौलत. मी काज करता करता मांडीवर पुस्तक उघडं ठेवून वाचायचे आणि बोटात सुई घुसली की ओरडायचे. आबांनी त्यावरून मला कधी मारलं नाही, फक्त एकदा म्हणाले होते, की पोरीच्या जातीनं उडणारी माणसं बघून काय करायचं. मला त्याचा इतका राग आला होता, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

त्या सगळ्या उडणाऱ्या आणि न उडणाऱ्यांत माझा एकच लाडका. त्याला आम्ही वाचणारे नुसतं डगलेवाला म्हणतो. तो कारखान्यातला साधा कामगार. बाप मेल्यावर बापाचा जाड निळा डगला घरात खुंटीला लटकत राहिलेला असतो. मग एक दिवस आई तो डगला काढते, जमिनीवर पसरते आणि पोराच्या मापानं कापते. पहिल्याच अंकात ते पान आहे. आख्ख्या पानभर एकच चित्र, आणि त्यात आईच्या हातात ही मोठी कात्री. ते पान मी किती वेळा बघितलं असेल याचा हिशेब नाही. पुढं तो डगला घालून तो गुंडांना चोपतो, पडणारे पूल धरून ठेवतो, सगळं करतो, आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी उजवा हात ताठ आभाळाकडे करून उभा राहतो. ती त्याची खूण.

दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर मालिका आली. मोबाईलवर बघायची, आठ भागांची. मी पहिला भाग लावला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं, तरी मी उठून दार लोटून घेतलं, इतकी हावरी झाले होते. आणि काय बघते, तर आई नाही, डगला नाही, कात्री नाही. एक शास्त्रज्ञ काचेच्या खोलीत बसून याच्यासाठी काळा चकचकीत रबरी पोशाख बनवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोबाईल कापडांच्या ढिगात फेकला.

नगरमध्ये आमचा वाचणाऱ्यांचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो. दहा-बारा जण, बाई मी एकटीच. मालिकेनंतर त्या खोलीचे दोन तट पडले. एकीकडे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. तरुणपणी त्यांनी मासिकांसाठी चित्रं काढलेली. त्यांचं म्हणणं, पुस्तकातली एक रेघसुद्धा बदलायची नाही. बदलायची असेल तर नवा हिरो काढा, आमच्याला हात लावू नका. दुसरीकडे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक. ते हुशार आहेत, आणि ते त्यांना स्वतःलाही माहीत आहे. ते म्हणायचे, की कागदावरचा माणूस हलत नाही आणि पडद्यावरचा हलतो, त्यामुळे बदलावं लागणारच. तो जाड डगला खऱ्या माणसाच्या अंगावर चढवला तर तो हिरो दिसणार नाही, सोसायटीचा वॉचमन दिसेल.

महिने न् महिने हेच चाललं. सर लाल व्हायचे, प्राध्यापक हसायचे, आणि चहा गार व्हायचा. मी अर्थात सरांच्या बाजूची, पण सर कधी माझं ऐकून घ्यायचे नाहीत. ते रेघांबद्दल बोलायचे आणि मला कापडाबद्दल बोलायचं असायचं. एका रविवारी मी मध्येच म्हटलं, की तो डगला पुस्तकात दिसतो तसाच्या तसा शिवता येतो, आणि त्यात माणूस हलतोही. जाड ड्रिलचा, म्हणजे युनिफॉर्मच्या दणकट सुती कापडाचा, ताणणारं कापड न वापरता.

प्राध्यापक माझ्याकडे वळले आणि फार गोड आवाजात म्हणाले, “ताई, युनिफॉर्म शिवणं वेगळं आणि हिरो शिवणं वेगळं. त्यानं हात वर केला की तुमचा डगला एक तर फाटेल, नाही तर पोटावर चढेल. म्हणून तर त्यांनी रबर घेतलं.”

चिडवलं असतं तर मी चिडून गप्प बसले असते. पण हा माणूस मला समजावून सांगत होता. मला, कापडाबद्दल. मी म्हटलं, दिवाळीनंतरच्या मेळाव्याला शिवून आणते. त्या मेळाव्याला श्रीगोंद्यापासून श्रीरामपूरपर्यंतचे वाचणारे येतात, शंभरएक माणूस असतो. सगळ्यांसमोर हात वर करून दाखवू, म्हटलं. खोलीतली सगळी माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली. आमच्यातला एक एसटीचा कंडक्टर, पाथर्डीकडचा, उंच आणि रुंद खांद्यांचा गडी, तो म्हणाला की घालायला मी तयार हाय. झालं, ठरलं.

घरी येताना रिक्षात माझं डोकं शांत झालं. शिवीन मी. पण कापणार कोण?

आबांना विचारलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर सरकवून चित्र पाहिलं आणि परत दिलं. जोकराचे कपडे मी कापत न्हाई, म्हणाले. मी म्हटलं, मग मी कापते. आबांनी हातातला खडू खाली ठेवला. समोर एक हवालदार पँटची वाट बघत बसला होता, त्याचंही आबांना भान राहिलं नाही.

मग म्हणाले, “काप. पण मेळाव्यात फाटला तर पुन्हा कात्री मागायची न्हाई. मी हाय तोवर न्हाई, आन् माझ्या मागंबी न्हाई. दुकानाला पगारी माणूस ठेवायचा.”

बाहेरच्या माणसाला हे काय मोठं वाटणार? पण शिवणकामात कापता न येणारा माणूस दुसऱ्याच्या हाताखालीच मरतो. आबांना शहात्तर चालू आहे. त्यांचे हात थांबले, की आमच्या दुकानात मी मालकीण असूनही कुणातरी परक्या मास्तराच्या तोंडाकडे बघत बसणार, तो कधी येतो, काय कापून देतो. मी सव्वीस वर्षं ‘बघू’ ऐकलं होतं, आणि आता कुठं एकदाचं ‘काप’ ऐकलं, तर त्याला हे शेपूट. तरी मी हो म्हटलं. हवालदाराच्या साक्षीनं म्हटलं.

कापड शोधायलाच आठवडा गेला. शेवटी कापडबाजारात एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून पुस्तकातल्या निळ्याच्या जवळचं ड्रिल काढून दिलं. कंडक्टरला एका दुपारी ड्युटी संपल्यावर बोलावलं आणि माप घेतलं. मी आबांकडून शिकलेले तसंच घेतलं. टाचा जुळवा, छाती पुढं, हात मांडीला चिकटवून सरळ खाली. सावधान. आबा आयुष्यात दुसऱ्या कुठल्या अवस्थेतल्या माणसाचं माप घेत नाहीत. माणूस जरा सैल उभा राहिला तरी ते टेप गुंडाळतात. कंडक्टर बिचारा श्वास धरून उभा राहिला, मी आकडे लिहिले.

पहिली कात्री लावण्याआधी मी खडूच्या रेघा तीनदा मोजून बघितल्या, हे कबूल करते. आबा मुद्दाम पाठ करून पेपर वाचत बसले होते, पण अर्धा तास त्यांनी पान उलटलं नाही. कात्री चालल्याचा जो कर्रकर्र आवाज असतो ना, तो सव्वीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातातून ऐकला होता. त्या दिवशी तो माझ्या हातातून येत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं, की मी उगीचच हळूहळू कापत होते.

दहा दिवसांनी ट्रायल. कंडक्टरनं अंगातला खाकी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि डगला चढवला. काय बसला होता म्हणून सांगू. खांदा जिथं हवा तिथं, कॉलर ताठ, कमरेला सुरकुती नाही. ट्रायल बघायला सर मुद्दाम रिक्षा करून आले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, पुस्तकातून उठून आलाय. मी कंडक्टरला म्हटलं, आता हात वर करा.

त्यानं उजवा हात वर केला. हात कानापर्यंत पोचायच्या आत आख्खा डगला बेंबीपर्यंत वर आला, आणि नंतर बगलेत फर्रकन उसवला. नुसती शिवण नाही, कापडसुद्धा दोन बोटं फाटलं.

फाटेल नाही तर चढेल, यातली एकच गोष्ट होईल असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं, माझ्या डगल्यानं दोन्ही करून दाखवल्या. मी आबांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आबांनी पेपर खाली न घेता सांगितलं, की ट्रायलला फाटलं ते धरत नसतात, मेळाव्यात काय व्हायचं ते बघू. एवढं मात्र आबांचं खरं आहे, हट्टी आहेत पण लबाड नाहीत.

चूक कुठं झाली ते मला तिथल्या तिथं कळलं, आणि कळल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मी सावधानमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचा डगला शिवला होता. सावधानमध्ये तो झकास दिसणारच. आमच्या आख्ख्या भिंगारात सगळे शिंपी असंच माप घेतात, कारण आमचं गिऱ्हाईक परेडवर उभं राहतं. डगलेवाला परेडवर उभा राहत नाही, तो पूल धरून ठेवतो.

कळलं, पण उपाय काही कळेना. बाही रुंद केली तर ती पिशवीसारखी लोंबायला लागली. सरांनी लगेच मान हलवली, म्हणाले रेघ गेली. मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो गोल, तो खाली उतरवून बघितला, तर डगला आधीपेक्षा जास्त वर चढला. सर निराश होऊन गेले. कंडक्टर मात्र तोंड पाडून बसून राहिला, जसं काही त्यानंच फाडलं होतं. मी डगला उलटा करून त्याच्यावर चिडत बसले होते. शेवटी तो उठला, खुंटीवरचा खाकी शर्ट घेतला आणि घालायला हात वर केला. तेव्हा मला ते दिसलं.

त्याच्या शर्टाच्या बगलेत एक चौकोनी तुकडा होता. बाकी शर्टापेक्षा जरासा फिका, कोपऱ्यावर उभा लावलेला, म्हणजे एक टोक बाहीत आणि एक टोक कुशीत, अंगाच्या बाजूच्या शिवणीत. मी त्याला म्हटलं, थांबा, तसेच उभे राहा. तो हात वर करून उभा राहिला आणि त्याचा शर्ट कमरेला जिथल्या तिथं होता.

कंडक्टर लाजला. म्हणाला, “ताई, आमी दिवसभर दांडीला हात धरून उभं ऱ्हातो. महिन्याला शर्ट बगलंत फाटायचा. मग आईनं हे लावलं. आमच्याकडं पैरणीला लावत्यात, चौबगला म्हंत्यात त्याला. कुदळ मारायची आसंल तर ह्याच्याबिगर जमत न्हाई.”

मला हसावं की रडावं कळेना. पैरण म्हणजे शेतात घालायचा साधा सदरा. असल्या पैरणी आमच्या दुकानासमोरून रोज जातात, मंगळवारच्या बाजाराला तर शेकड्यानं. मी त्यांच्याकडे कधी वळून बघितलं नव्हतं. युनिफॉर्म शिवणाऱ्यांचा तोरा. मी त्या गड्याला तसंच उभं करून त्याच्या बगलेचं चारी बाजूंनी माप घेतलं. तो म्हणाला गुदगुल्या होत्यात, मी म्हटलं सहन करा.

त्याच कापडाचे दोन चौकोन कापले. बगलेतली शिवण उसवली, फाटलेला भाग कापून काढला आणि चौकोन बसवले. ऐकायला सोपं वाटतं, पण चार कोपऱ्यांना चार शिवणी येऊन मिळतात आणि एक जरी सुताएवढी सरकली तरी बगलेत गोळा होतो. मी तीनदा उसवलं. आबांनी एकदा येऊन पाहिलं आणि नाक मुरडून म्हणाले, “पैरणी शिवायला लागली व्हय?” मी म्हटलं, लागले, आणि तुमच्यापेक्षा बरी शिवते. असं मी आबांना जन्मात कधी बोलले नव्हते. ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि मी दात-ओठ खाऊन चौथ्यांदा शिवायला घेतलं.

मेळावा नगरच्या सावेडी भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आबा येणार नाहीत असं मी धरून चालले होते, पण सकाळी बघते तर पांढरे कपडे, टोपी घालून दारात उभे. फाटतो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, म्हणाले. हॉल खच्चून भरला होता. श्रीगोंद्याहून कारखान्यातली चार-पाच माणसं जीप करून आली होती, श्रीरामपूरची मंडळी सकाळच्या गाडीनं.

कंडक्टर डगला घालून पुढं आला तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. प्राध्यापकही टाळ्या वाजवत होते. ते पुढं आले, डगल्याभोवती एक चक्कर मारली, आणि कंडक्टरला म्हणाले, जरा हात बाजूला घ्या. त्यानं घेतला. प्राध्यापकांनी बोट ठेवून विचारलं, की हा चौकोन पुस्तकात कुठं आहे. म्हणजे तुम्हीही बदल केलात. मग रबरवाल्यांनी काय पाप केलं?

मागून कुणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणालं. सरांचा चेहरा उतरला. त्यांना तो चौकोन माहीत नव्हता, ट्रायलनंतर मी त्यांना बोलावलंच नव्हतं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या चित्रावर शाई सांडली.

पण हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याची तयारी करूनच मी आले होते. पिशवीतून चौदा अंक काढले आणि टेबलावर एकेक करून शेवटच्या पानावर उघडे ठेवले. प्रत्येक पानावर डगलेवाला हात वर करून उभा. मी प्राध्यापकांना म्हटलं, आता मला यातली बगल दाखवा. ते वाकले. एक बघितलं, दुसरं बघितलं, पाचवं बघितलं. चौदाही चित्रांत बगलेच्या जागी नुसती काळी शाई भरलेली होती. शिवण नाही, रेघ नाही, काही नाही.

मी सरांना विचारलं, तिथं शाई का भरतात? सर जागेवरून उठले, टेबलापाशी आले, एक अंक डोळ्यांजवळ धरला. मग खरं ते बोलले. म्हणाले, “तिथं कापडाचं काय होतं ते आम्हाला कळत नाही. कळलं नाही की सावली म्हणून काळं करून टाकायचं. मीही आयुष्यभर हेच केलं.”

मला एकदम चेव चढला. मी म्हटलं, पुस्तकानं जे दाखवलंय त्यातलं मी सुताएवढंही हलवलेलं नाही. कॉलर मोजा, खांदा मोजा, बटणं मोजा. जे पुस्तकानं काळं करून सोडून दिलं, तिथं काय आहे ते मी शोधून काढलं. ती जागा माझी होती. रबरवाल्यांनी ती जागा शोधायचे कष्ट घेतले नाहीत, म्हणून त्यांनी डगलाच टाकला आणि डगल्याबरोबर आईलाही टाकलं. बदल करायला माझी ना नाही. पण आधी पुस्तक जिथं गप्प आहे तिथं करा. पुस्तक बोलतंय तिथं त्याच्या तोंडावर हात कशाला ठेवता?

एवढं लांब मी त्या गटात कधीच बोलले नव्हते. मला कुणी बोलूच दिलं नव्हतं. प्राध्यापकांनी अंक बंद केला आणि म्हणाले, की बोलणं पटलं, पण पैज बोलण्याची नव्हती. करा हात वर.

कंडक्टरनं हात वर केला. ताठ, आभाळाकडे, शेवटच्या पानावर असतो तसा. डगल्याची खालची कड जागची हलली नाही. हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला, त्यात मला माझाच आवाज ऐकू येईना. पण प्राध्यापक तेवढ्यावर सोडणारे नव्हते. एकदा सगळंच टिकतं, म्हणाले, बारा सूर्यनमस्कार घाला. कंडक्टरनं घातले. प्राध्यापक स्वतः मोजत होते आणि सातव्यापासून आख्खा हॉल त्यांच्याबरोबर मोजायला लागला. बारा झाल्यावर कंडक्टरनं कुणी न सांगताच दाराच्या वरची लोखंडी चौकट दोन्ही हातांनी पकडली, पाय उचलले आणि लटकला. मी डोळे मिटून घेतले. काही फाटल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर तो अजून लटकत होता आणि श्रीगोंद्याचे लोक खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारत होते.

प्राध्यापकांनी माझ्याशी हात मिळवला. त्यांनी माईकवरून सांगितलं, की बदल करावा लागतो हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण बदल कुठं करायचा हे मला या ताईंनी शिकवलं. सर तर डगल्याची बगल उलटी करून चार शिवणी कशा मिळतात ते लहान मुलासारखे बघत बसले होते. खरं सांगते, मला वाटलं की बाकावर उभं राहून ओरडावं. जिंकल्यावर नम्र कसं व्हायचं ते मला जमत नाही, आणि त्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही. येईल त्याला चौकोन दाखवत होते.

आबा कुठं दिसेनात. शोधलं तर ते मागच्या दाराशी होते, आणि श्रीगोंद्याचा एक गृहस्थ त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता. पांढरे कपडे, टोपी, वय, यावरून त्यानं ओळखलं असणार की शिंपी हेच. त्याच्या मुलाला शाळेच्या गॅदरिंगसाठी असाच डगला हवा होता. मास्तर, तुम्ही द्याल ना कापून, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

मी पाच हातांवर थांबले. इथं आबा ‘बघू’ म्हणणार, हे मला पाठ होतं.

आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. “मला जमायचं न्हाई,” ते म्हणाले. “साठ वर्षं कापतोय, पर हे मला येत न्हाई. ते हिला येतं. हिला इचारा.”

तो गृहस्थ माझ्याकडे वळला. मला हुंदका आवरत नव्हता, पण गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी विचारलं, मुलगा बरोबर आणलाय का, आणि पिशवीत टेप शोधायला लागले.